घाईबाईंची फाइल

“ताई, हलू नका. श्वास धरा,” मोजपट्टी माइकवर म्हणाला आणि यंत्र धडधडायला लागलं.

एमआरआय विभागात नवा प्रोग्राम आला होता. यकृतात चरबी किती, मूत्रपिंडाला सूज किती, हृदयाचा स्नायू ताठरलाय का, सगळं एकाच बैठकीत मोजणारा. पेशंटवर वापरण्याआधी तंत्रज्ञांनी एकमेकांनाच यंत्रात घालून बघायचं, ही तिथली जुनी रीत. आधी त्याने ताईंना आत घातलं, मग ताईंनी त्याला.

रुग्णालयात ताईंना सगळे घाईबाई म्हणत आणि त्याला मोजपट्टी. दोन्ही नावं अगदी मापाने शिवलेली. घाईबाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायच्या, आधीच्या पेशंटचं नाव न बदलता पुढच्याला आत घालायच्या, लोकांनी काढून दिलेल्या किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकून घरी जायच्या. आणि तरीही पेशंटना त्याच हव्या असत! विभागप्रमुख सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. खुर्ची एक आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघे.

जेवणाच्या सुट्टीत मोजपट्टीने चित्रं काढून बघितली. त्याची स्वतःची सापडलीच नाहीत.

“सेव्ह करायला विसरल्या असणार, दुसरं काय!” तो करवादला आणि त्याने ताईंची फाइल उघडली. दुसऱ्याचं पाहावं वाकून, हा तर त्याचा पेशाच.

यकृताच्या उजव्या भागात डाग होता. लिंबाएवढा. बारा वर्षांत असे डाग त्याने पुष्कळ पाहिले होते. आत्ता कापून काढला तर माणूस वाचतो, सहा महिने गेले की सर्जन हात लावायला तयार होत नाहीत. चाचणीची चित्रं डॉक्टरांकडे जात नसत. म्हणजे हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच.

त्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं, समोरचा चहा निवेपर्यंत. मग त्याने फाइल बंद केली.

त्यानंतर तो ताईंशी फार गोड वागायला लागला. त्यांच्या हातातलं जड सामान स्वतः उचलायचा. “दमला असाल ताई, बसा जरा,” म्हणायचा. कँटीनमध्ये त्यांनी वड्यांची बशी सरकवून दिली, “तेलकट सोसत नाही रे मला,” म्हणाल्या, तेव्हा त्याने समजूतदारपणे मान हलवली. सुरुवात झाली तर, असं त्याच्या मनात आलं.

घरी बायको त्याच्यावर खूश होती. “पोट उतरलं की तुमचं! दोनदा पँट आत घेतली. प्रमुख म्हणून शोभाल आता.” संध्याकाळी त्याला गळून गेल्यासारखं व्हायचं, पण दोघांचं काम एकटा ओढणारा माणूस दमणारच.

सहाव्या महिन्यात ताई एक लिफाफा घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या.

“रागावू नकोस हं. खुर्ची मला दिली.”

“अभिनंदन ताई.” त्याला खरोखर राग आला नाही. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न होता. “पण झेपेल ना? तब्येतीचं काय?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? कालच नेमणुकीची तपासणी झाली. सोनोग्राफीत सगळं पोट पालथं घातलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, आतून विशीतल्या मुलीसारख्या आहात. पित्ताशय तेवढं नाही. धाकटीच्या वेळी खडे झाले, तेव्हाच काढून टाकलं. तेव्हापासून तेलकटही बंद.”

ताई उठून गेल्या. लिफाफा मात्र त्याच्याच टेबलावर विसरल्या.

मोजपट्टीने त्यांची जुनी फाइल उघडली. त्या दिवशी त्यांच्या नावावर दोन संच पडले होते, वीस मिनिटांच्या अंतराने. त्याने तेव्हा खालचा तेवढाच बघितला होता. आता वरचा उघडला. यकृत स्वच्छ होतं. पित्ताशय नव्हतं.

मग त्याने खालचा उघडला. लिंबाएवढ्या डागाला खेटून पित्ताशय जागच्या जागी होतं, भरलेलं, निरोगी.