उजवी कळी

महाडच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी अमिताचे चार विषय उडाले. तरी ते सोडवायचे, मग नीटला बसायचं आणि डॉक्टर व्हायचं, हे खूळ काही तिच्या डोक्यातून जाईना.

"येकदा आपटलीस ती आपटलीस. आता लगीन," असं म्हणत तिच्या बापानं, महिपतनं, तिला गावी कुडपणला आणलं आणि देवाचा कौल घ्यायला थेट देवळात नेलं. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर लगीन, डावी पडली तर शिक्षण.

डावी पडली.

"गुरवा, कळी बरोबर बसली नव्हती रे. परत लाव," महिपत म्हणाला.

परत डावीच पडली.

"वारा आला मघाशी. परत लाव."

तिसऱ्यांदा एकदाची उजवी पडली आणि महिपत मिशीवर ताव देत गरजला, "बघ गो! देवाचा शब्द हाय, आता माघार नाय!"

अमितानं देवापुढे हात जोडले.



"देवा, बाबांनी तुला तिसऱ्या खेपेला पास केलं. त्यांना सांग, माझी अजून एकच खेप झालीय."