फितऱ्याची पिशवी

ईदच्या नमाजाआधी फितऱ्याचं दान गरिबाघरी पोचायला हवं, म्हणून घरच्या माणसांचे माणशी एक माप गहू घालून मी पिशवी बांधली. शेजारची मैमूना विधवा, शिवणकामावर जगते. दरवर्षी तिलाच देते.

दार उघडलं, तर ती उंबऱ्याशीच उभी. तिच्याही हातात गव्हाची पिशवी.

"कुणाला गं?"

ती गडबडली. "तुम्हालाच, आपा. भाईजानांची गिरणी बंद पडल्यापासून... राग मानू नका."

माझ्या नवऱ्याच्या गिरणीचा विषय निघाला आणि माझी पिशवी पाठीमागे कधी गेली, मलाच कळलं नाही. 'अगं, आम्ही देणारी माणसं!' असं सुनावायला मी तोंड उघडलं.

तिची नजर माझ्या बाहीवरच्या ठिगळावर होती. ते गेल्याच महिन्यात तिनं लावून दिलं होतं, पैसे न घेता.