समोरची वाक्यं

अकरा वाजता दिग्दर्शकाची गाडी यायची होती, आणि तिसऱ्या अंकातलं एक वाक्य काही केल्या नटाच्या तोंडात बसत नव्हतं.

"तुझ्या सोबतीवाचून..." तो म्हणाला आणि खिडकीकडे बघत राहिला.

"पुढे?" बायकोनं विचारलं. तिच्या मांडीवर मटारच्या शेंगांची परात होती आणि समोरच्या स्टुलावर नाटकाची संहिता उघडी पडलेली.

"सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. चार शेंगा सोलून झाल्या, तरी वाक्य आलं नाही.

दवाखान्यातून घरी येऊन त्याला दोन महिने झाले होते. पाय सुधारले, हात सुधारला, आठवण मात्र मध्येच ठेचकाळायची. आजपासून पुस्तकाशिवाय तालीम. दिग्दर्शक वयानं लहान, पण सरळ माणूस. "काका, आज अडलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल. राग मानू नका," असं त्यानं फोनवर सांगूनच टाकलं होतं. नटाला राग आला नव्हता. भीती वाटली होती. उभ्या जन्मात त्याला दुसरं काही आलंच नाही. साधा बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागे.

जे येत होतं ते मात्र भरभरून येत होतं. रंगभूमीवर राजा, खिसेकापू, न्यायाधीश, एकदा तर खाष्ट सासू. सिनेमात बारा खून. मालिकेत सात वर्षं प्रेमळ आजोबा. आणि प्रत्येक वेळी पाठांतराला समोर बायको. राजाची प्रजा ती, खुन्याचं सावज ती, सासूची सूनही तीच. वाचायची सगळं एका सुरात, वाणसामानाची यादी वाचावी तसं. कंसातल्या सूचनासुद्धा सोडायची नाही. "नका हो जाऊ, हुंदका, दार बंद होतं." एकदा तो "आज तुला जिवंत सोडत नाही" असा गरजला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे शेजारी काठी घेऊन धावत आले. तिनं दार उघडून त्यांना सांगितलं, "उद्या या. उद्या ते माफी मागणार आहेत."

"चला, मागच्या वाक्यापासून घेऊ," ती आता म्हणाली आणि चष्मा सारखा करून तिनं आपलं वाक्य वाचलं. "दमलात का हो, स्मित."

"दमलो. पण पोचलो. तुझ्या सोबतीवाचून..."

पुन्हा तिथंच. तो मटकन खुर्चीत बसला. तिचा अंगठा त्या ओळीखाली होता. शेंगा सोलून नख हिरवं झालेलं, आणि पानावरही एक हिरवा डाग उमटलेला. माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या सगळ्या नाटकांच्या संहिता होत्या आणि एकही पान कोरं नव्हतं. कुठे चहाचा डाग, कुठे तेलाचा, कुठे मुलाच्या खोकल्याच्या औषधाचा. त्या डागांवरून तो जन्मभर चिडत आला होता.

"तू प्रजा झालीस म्हणून मी राजा झालो," तो म्हणाला. "टाळ्या मात्र एकट्यानं घेतल्या. फार केलंस गं माझ्यासाठी. कधी बोललो नाही."

तिनं बोट एक ओळ वर नेलं, मग खाली आणलं. पान उलटून पुढचंही पाहिलं.

"हे यात नाहीये."

"नाहीये."

हातातली शेंग तिनं तशीच परातीत टाकली, न सोलता.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो उठला आणि सदऱ्याची बटणं लावता लावता सहज बोलून गेला, "तुझ्या सोबतीवाचून हा पल्ला मला गाठता आला नसता."

कुठंही न अडखळता. दोघंही जरा दचकलेच.

"आलं बघ," तो म्हणाला. "निघू मी?"

"थांबेल तो दोन मिनिटं." तिनं संहिता मिटली, चष्मा काढून पदराला पुसला आणि त्याच यादी वाचायच्या सुरात म्हणाली, "हे आलं. ते आधीचं पुन्हा एकदा म्हणा. पाठ व्हायला हवं."