मरमियाची जुडी

दिवस कलला की म्हाताऱ्या रस्मियाच्या पोटात हमखास कळ यायची. पोट धरून ती वरच्या मजल्यावरच्या इन्साफकडे जायची. इन्साफ चहात मरमियाचा पाला उकळून द्यायची आणि पेला संपेपर्यंत दोघींच्या गप्पा रंगायच्या.

काल इन्साफनं वाळलेल्या मरमियाची भली मोठी जुडीच तिच्या हातात ठेवली. "खाला, या गुडघ्यांनी रोज कशाला जिना चढता? पोट, घसा, दाढ, काहीही दुखू दे. घरीच उकळायचं आणि प्यायचं."

"अल्ला तुझं भलं करो, पोरी," म्हणत रस्मिया खाली आली. तिनं स्वतः डोंगरावरून खुडून आणलेल्या मरमियाच्या जुड्या स्वयंपाकघरात टांगलेल्या होत्या. त्यांच्याशेजारी तिनं हीही टांगली.

मग मरमिया ज्यावर चालत नाही, असं एखादं दुखणं आठवत बसली.