उशिराची सोय

जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र नव्या टीव्हीवर नेणारी डबी एक कारागीर स्वतः बनवायचा. गिऱ्हाइकांचा एकच धोशा असे: बटण दाबल्यावर क्षणाचाही उशीर नको.

एक आजोबा मात्र म्हणाले, "मला उशीर हवाय. डबीला दोन टीव्ही जोडता यावेत. पलंगासमोरचा आमच्या हिचा, खुर्चीसमोरचा माझा. माझ्या टीव्हीवर चित्र जरा मागाहून येऊ द्या."

"अहो, त्या उशिरापायी लोक माझा जीव खातात!"

"अर्धांगवायूनं हिचे हात मंदावलेत. पलंग सुटत नाही, हा खेळ तेवढा उरलाय. मी मुद्दाम हरलो की लगेच ओळखते. चाळीस वर्षांचा संसार आहे आमचा."

कारागिरानं तशी डबी करून दिली. महिन्याभरानं आजोबा पुन्हा दारात उभे.

"आजी जिंकतायत ना?"

"जिंकत होती. आता तिला वाटतंय, माझेही हात गेले. कालपासून तीच मुद्दाम हरतेय."

"मग खरं सांगून टाका."

"कोणत्या तोंडानं?" आजोबांनी पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. "उशीर अजून वाढवता येईल का?"