महापुराची जुनी फीत

महापुराचे दृश्य उभे करण्याचे आर्थिक बळ दिगंबरच्या चित्रपटापाशी नव्हते. म्हणून त्याने चाळीस वर्षांपूर्वीच्या माहितीपटातील फीत मिळवली होती. तीत डोक्यावर बोचके घेऊन पाण्यातून चालणारी तरुणी आज त्याच्यासमोर तांदूळ निवडीत बसली होती. तिची संमती मिळाली नाही, तर चित्रपटाचा शेवटच गळून पडणार होता.

"काकू, एक गोष्ट लपवून चालणार नाही," तो चाचरत म्हणाला. "फितीतली ती बाई सिनेमात पुढे आमची नटी रंगवते, आणि ती विधवा होते. पुरात तिचा नवरा वाहून जातो."

काकूंचा हात सुपातच थबकला. ठसठशीत कुंकवाच्या वर आठी उमटली.

तोच झोपाळ्यावरचे त्यांचे यजमान, आप्पा, खो खो हसू लागले. "म्हणजे मला जिवंतपणीच मारलंस की रे, लेका! अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. कर सही बिनघोर!"

"वाढतं ना रे नक्की?" काकूंनी दिगंबरलाच विचारले.

"वाढतंच, काकू!" जीव भांड्यात पडलेला दिगंबर उद्गारला.

"मग आण कागद. आणि तुमच्या त्या नटीला चांगलं मोठ्यानं रडायला सांग."