राखलेली टेकडी

देवाजी गुडघ्यांवर बसून गवत बाजूला करत होता, आणि खाली काहीच नव्हतं. नागपूरच्या कॉलेजातले प्राध्यापक साहेब छत्री धरून मागे उभे होते. मे महिन्याचं ऊन, धानोऱ्याच्या पलीकडची ती टेकडी, आणि सकाळपासून सगळा माथा पालथा घालून झालेला.

“फूल इथीच होतं, साहेब. या गोट्यापाशी.”

“मी पाहिलंय रे ते. पण या वेळी वरच्या अधिकाऱ्यांना दाखवायला हातात हवं ना.”

तीन उन्हाळ्यांपूर्वी याच दगडापाशी ते फूल बघून साहेब मटकन खाली बसले होते. पान नाही, काही नाही. काळ्या भुईतून नुसता दांडा आणि त्यावर पिवळी-तांबूस फुलं. ऑर्किड आहे म्हणाले, दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मी पाहिलेलं नाही. गावात तर त्याला नावसुद्धा नव्हतं. जंगल खात्यात टेकडी साफ करून सागवान लावायचं घाटत होतं. साहेबांनी वरपर्यंत शब्द टाकून तोडणी थांबवली आणि देवाजीला सांगून गेले, “परत येईन तेव्हा हे फूल दाखव. मग टेकडीला कोणी हात लावत नाही. तोवर जीव लावून राख.”

देवाजी त्याच खात्यात रोजंदारीवर होता. राखणं म्हणजे विस्तव लागू न देणं, एवढं एकच त्याला माहीत. पण त्याच टेकडीवर मोहाची झाडं होती आणि त्यांवर त्याची विधवा बहीण ठमाबाई पोट भरत होती. मोह वेचायच्या आधी बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे स्वच्छ भुईवर पडलेला मोह नजरेला येतो. तो जाळ दरसाल माथ्यापर्यंत चढायचा. देवाजीने बहिणीच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली.

“पाचोळ्यात मोह कसा दिसन, भाऊ? मी काय खाऊ?”

“थोडी कळ काढ, बाई. मंग टेकडी आपलीच हाय.”

तिने कळ काढली. परक्यांच्या धानात राबली, आणि भावाला जयभीम घालायचंही सोडून दिलं. ते देवाजीला फार लागलं. पण त्याने डोळ्यात तेल घालून टेकडी राखली, स्वतःची विडीसुद्धा सोडली. गवत कमरेला लागलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एकच फूल आलं, तेव्हा त्याला वाटलं, आपलीच राखण कमी पडली. त्याने ती आणखी कडक केली.

साहेब भला माणूस. या उन्हाळ्यात एकही फूल मिळालं नाही, तरी त्यांनी देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते दुपारच्या गाडीने निघून गेले.

हिवाळ्यात टेकडी तोडली. मोहही सोडले नाहीत. कुऱ्हाड देवाजीच्याच हातात होती. रोजंदारीच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. आपण बहिणीचं खाणं तोडतोय, हे त्याला प्रत्येक घावाला कळत होतं. चैत्रात वाळलेल्या फांद्या जाळल्या. जाळ माथ्यापर्यंत गेला, आणि या वेळी तो विझवायला कोणी धावलं नाही.

मे महिन्यात सागाचे खड्डे खणायला मजूर वर चढले. त्यांत ठमाबाईही होती. माथ्यावरच्या दगडापाशी ती थांबली आणि तिने भावाला हाक मारली. इतक्या दिवसांनी तिची हाक ऐकून तो हातातली कुदळ टाकून धावला.

राखेतून दांडे वर आले होते. दगडापाशी, मोहाच्या खुंटांभोवती, खणलेल्या खड्ड्यांच्या कडेला. पान नाही, काही नाही. सगळी टेकडी पिवळी-तांबूस झाली होती.

ठमाबाईच्या आवाजात राग नव्हता.

“आमी पाचोळा पेटवत होतो ना भाऊ, तवा दरसाल असेच येत होते. तू राखाले लागला, अन् गेले.”